दुधानं भरलेलं वारूळ

अहो, तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी गयामामींचा फोन आला. मला वाटलं, माझी चौकशी करायला केला असेल. पण त्यांच्या आवाजात आनंद होता. "सूनबाई, वारुळाला पुन्यांदा कुंकू फुटलं बघ. ह्या खेपेला पार खालपातुर ओघळ आलाय. भाच्याची पुण्याई, दुसरं काय!"

मी हातातला कप खाली ठेवला. ते कुंकू नाही, हे तुम्ही त्या गावाला ओरडून सांगितलं होतंत. कुणी ऐकलं नाही. आता सांगणारी मीच उरले होते, आणि श्रावण तोंडावर आला होता.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण वाचणार आहेत नील आणि ऋचा. तुमच्या नातवंडांना इतक्या लांबून येता आलं नाही. वर्तमानपत्रात छापून आलेली माहिती त्यांच्या बाबानं त्यांना पाठवली आहे: जन्म, शिक्षण, कुठे कोणतं शिल्प उभारलं. त्यात तुम्ही कुठेच नाहीत. म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही थोडं सांगावं लागेल, आणि मी ते क्रमानं सांगणार आहे. जन्मभर इंग्रजी शिकवलं, सवय जात नाही. मला चिडवायचं असलं की तुम्ही विद्यार्थ्यांसारखं 'बाई' म्हणायचात आणि एकदम 'तुमी'वर यायचात. आत्ता असतात तर म्हणाला असतात, "बाई, तुमी टाइमटेबल लावून रडायलाव का?" हो. तसंच समजा.

पालमकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुमचं आजोळ. तिथे फाट्यावर बाभळीखाली एक जुनं वारूळ होतं. नागपंचमीला गावातल्या बायका लाह्या आणि दूध घेऊन तिथे जायच्या, पूजा झाली की फेर धरायच्या. तुमची आई माहेरी आली की तीही जायची. रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा एका सकाळी ते वारूळ सपाट झालं. मशीन चालवणाऱ्याला तो मातीचा ढीग वाटला. त्या पंचमीला बायका ताटं घेऊन आल्या आणि डांबराच्या कडेला नुसत्या उभ्या राहिल्या. कुणी रडलं नाही, कुणी भांडलं नाही. कुठे बसायचं तेच त्यांना कळेना. तुम्ही ते पाहिलंत, घरी आलात, आणि ताटावर बसून म्हणालात, "मी बांधून देतो त्यांला."

तोवर परभणीत शिल्पकार म्हणून तुमचं नाव झालेलं होतं. जिंतूर रस्त्याच्या चौकात तुमचं ज्वारीचं कणीस उभं होतं. त्याच्या दाण्यांमधल्या फटी तुम्ही मुद्दाम चिमणीच्या मापाच्या ठेवल्या होत्या, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिथे घरटी झाली. कापसाच्या बोंडाचं उद्घाटन मी कधी विसरणार नाही. पुढाऱ्यांनी पडदा ओढला, जरा मागे सरकून पाहिलं आणि माइकवर म्हणाले, "व्वा! फ्लावर लय भारी केलाय." तुम्ही हात जोडून म्हणालात, "सायेब, बोंड हाय कापसाचं. पर जेवायची येळ झाली की भाजीच दिसती." सगळ्यात मोठ्यानं हसले ते पुढारीच.

झरीच्या तळ्याकाठी तुम्ही केलेल्या बगळ्याच्या पायाला लोक शेळ्या बांधू लागले. मी म्हटलं, तक्रार करा. तुम्ही मात्र खूष! शाल-नारळ मिळाल्यावरही तुमचा चेहरा तसा झालेला मी पाहिला नव्हता. म्हणालात, "वापरायलेत की ते! कुंपणातल्या वस्तूला कोण हात लावतंय?"

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मला वाटायचं, चार लोकांच्या मध्ये काही उभं करायचं तर सोबत पाटी हवी, कठडा हवा, काय करावं आणि काय करू नये हे लिहिलेलं हवं. तुम्ही म्हणायचात, झाडाखाली पाटी असते का? मी म्हणायचे, झाड तुम्ही बांधलेलं नसतं.

वारुळाच्या वेळी हे भांडण फार वाढलं. दोन पुरुष उंच, खाली रुंद, वर निमुळते होत गेलेले सुळके. आत सळयांचा सांगाडा, त्यावर तारेची जाळी, आणि जाळीवर सिमेंटचा पातळ थर. पातळ अशासाठी, की तुम्हाला ते जड दिसायला नको होतं. मुंग्यांनी कणाकणानं वर नेलंय असं वाटायला हवं होतं. सळया रशीद मिस्त्रींनी बांधल्या. गिलावा तुम्ही कुणाला करू दिला नाहीत, सगळा हातानं थापलात. आणि त्याला तोंडं ठेवलीत, खऱ्या वारुळासारखी, वरच्या बाजूला उघडी.

"पाणी आत जाईल," मी म्हटलं. "तोंडं खाली वळवा."

"म्हंजे नागानं खाली मुंडकं घालून घरात शिरायचं का? बाई, तुमी त्याला खुर्ची बी टाकताल आत."

रशीदभाई हातातली पकड खाली टाकून हसले. शेवटी माझ्या समाधानासाठी तुम्ही तळाशी एक भोक ठेवलंत, आत गेलेलं पाणी निघून जायला. मीही मग गप्प बसले.

पहिल्या पंचमीला आपण दोघं गेलो होतो. बायका वाजतगाजत आल्या. गयामामी सगळ्यांच्या पुढे. मुलांनो, गयामामी म्हणजे आबांच्या धाकट्या मामांची बायको. वयानं आबांपेक्षा थोडीच मोठी, पण सगळं गाव तिच्या धाकात. तिनं वारुळाच्या तोंडात दूध ओतलं, आणि ते खालच्या भोकातून निघून थेट रस्त्यावर आलं. तेवढ्यात एक ट्रक त्यावरून गेला. बायकांच्या तोंडून एकच आवाज निघाला. देवाचं दूध चाकाखाली!

तुम्हाला तो आवाज ऐकूही आला नाही. तुम्ही त्यांचा फेर बघत होतात. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तुम्ही मला कोपरानं ढोसून म्हणत होतात, "बघ, बसायला लागल्या. बघ की."

पुढच्या पंचमीला ते भोक चिखलानं बुजवलेलं होतं. तुम्ही बोळा काढलात. त्यांनी परत बसवला. असं पुष्कळदा झालं. शेवटी कुणीतरी तिथे सिमेंट भरून टाकलं, आणि तोवर तुमचे गुडघेही कुरकुरायला लागले होते. वर्षातून एकदाच तर पूजा होते, म्हणून आपण ते सोडून दिलं.

मग एका वर्षी वरच्या सुळक्यावर लाल रेघ उतरली. आतली सळई गंजली की फुगते, वरच्या सिमेंटला तडा देते, आणि त्या तड्यातून गंजाचं पाणी बाहेर येतं. गावानं पाहिलं ते कुंकू. आपोआप फुटलेलं. बातमी आसपासच्या गावांत गेली. महादेवाच्या भक्तांची घरंही यायला लागली, कारण नाग महादेवाच्या गळ्यातला. पंचमीचं एक दिवसाचं दूध होतं, त्याचं दर सोमवारचं पाणी झालं. जितकं पाणी आत गेलं, तितका गंज वाढला. जितका गंज वाढला, तितकं कुंकू फुटलं. आणि कुंकू फुटलं म्हणून आणखी पाणी.

या उन्हाळ्यात तुम्ही वारुळाला कान लावलात तेव्हा मी शेजारी उभी होते. तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही बोटानं खुणावून मला बोलावलंत. मीही कान लावला. आत पाणी होतं. ऊन मी म्हणत होतं, विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि त्या सिमेंटच्या पोटात काहीतरी जाड, संथ हलत होतं.

"हे पडणार," तुम्ही म्हणालात. "कवा पडंल ते माझ्या हातात न्हाई आता."

गावची बैठक देवळासमोर झाली. तुम्ही त्यांना वारूळ पाडायची परवानगी मागितलीत, तुमच्याच हातानं केलेलं. एक तरुण उठून म्हणाला, "आबा, तुमी बांधलं तवा तुमचं व्हतं. आता देवाचं हाय." दुसरा म्हणाला, "जंग चढलाय म्हणून देवाच्या कुंकवाला बट्टा लावू नका." तेव्हा तुम्ही ओरडलात. संसारात मी तुमचा आवाज चढलेला फारसा ऐकला नव्हता. "अरे, पंचमीला तुमच्याच लेकीबाळी त्याच्या बुडाला फेर धरत्यात ना!" कुणीतरी तुम्हाला पाणी आणून दिलं. त्यांना तुमची काळजी वाटली, वारुळाची नाही.

परतीच्या एसटीत तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. पाथरवटाचा छिन्नी-हातोडा घेऊन सोमवारी पहाटे, पाणी घालायला कुणी यायच्या आत, एकटाच जातो आणि ते भोक मोकळं करतो, एवढंच बोललात. मी म्हटलं, रशीदभाईंना न्या. तुम्ही मान हलवलीत. लोकांचा राग झालाच तर तो तुमच्यावर व्हावा, त्यांच्यावर नको. रविवारी अंगणात पिशवी भरता भरता तुम्ही भिंतीला टेकलात आणि खाली बसलात. मी डॉक्टरांना फोन लावेपर्यंत सगळं संपलं होतं.

ती पिशवी मी तेरा दिवस हलवली नाही. मला पसारा चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

मामींच्या फोननंतर मी आधी रशीदभाईंना बोलावलं. ते ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि बशी बाजूला ठेवली. "भाभी, नको. साब के हात का है वो. और पूजा होती वहाँ. मेरा हात लगा, तो कल कू लोगां क्या बोलेंगे?" त्यांचं खरं होतं. त्यांचं नाव रशीद आहे, एवढं पुरलं असतं. मला ते आधीच सुचायला हवं होतं. आपल्या मुलाचं फोनवर म्हणणं पडलं की अधिकाऱ्यांना कळव. कळवलं. श्रावण झाल्यावर बघू, असं उत्तर आलं. पंचमी श्रावणाच्या सुरुवातीलाच असते.

म्हणून मी रिक्षा करून मामींकडे गेले. त्या पडवीत गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. मला बघून रडल्या, मग पाणी दिलं, मग परत शेंगा हातात घेतल्या.

"मामी, वारूळ पाडायला हवं."

"शिरावणाच्या तोंडावर? जिभेला हाड हाय का न्हाई तुझ्या?"

मी सगळं समजावून सांगितलं. सळई, गंज, फुगणं, तडा. मागच्या बाकावरची मुलं व्याकरण ऐकायची तसं त्यांनी ऐकलं. "तू शिकलेली बाई. तुझं बी खरं असंल. पर समद्या गावाला कुंकू दिसायलंय, तर मी एकटीनं डोळे झाकू का?"

मीही मूठभर शेंगा ओढून मोडू लागले. उठताना त्या सहज म्हणाल्या, "औंदा आमच्यात पुरणाचं दिंड न्हाई बघ पंचमीला. भाच्याचं वरीस हाय."

मला जे सुचलं ते मी तसंच बोलून गेले. मनापासून बोलले की युक्ती म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं, "मामी, तुमच्या घरात वर्षभर सण नाही. मग वारुळाला कसा? त्याचा तर बाप गेला."

मामींच्या हातातली शेंग तशीच राहिली. माझ्याकडे बघत त्या पुन्हा खाली बसल्या. "बाप," त्या म्हणाल्या. "व्हय की गं. बापच की." आणि जरा वेळानं, "मग औंदा फेर न्हाई. मी सांगते समद्यांला. पर पाडायचं कशापायी? उभं राहू दे वरीसभर."

मी त्यांचा हात धरून त्यांना फाट्यावर नेलं. आभाळ भरून आलं होतं, वारा पडला होता. ओघळ आता खरंच पायथ्यापर्यंत आला होता, आणि त्यावर कुणीतरी ताजी फुलं वाहिली होती. मी मामींना कान लावायला सांगितलं. त्यांनी लावला आणि झटकन मागे घेतला.

"ह्यात तर पाणी हाय."

"तुमचं दूध आहे, मामी. इतक्या वर्षांचं. बाहेर जायला वाटच ठेवली नाही तुम्ही."

त्यांनी तड्यातून झिरपणाऱ्या ओलीवर बोट टेकवलं आणि नाकाशी नेलं. सळई आणि गंज यांनी जे झालं नव्हतं, ते त्या वासानं झालं. मामींचा चेहरा पडला. "नासलंय," त्या म्हणाल्या. "आमी देवाला नासकं दूध पाजीत व्हतो गं."

दुसऱ्या दिवशी मामींनी गावाला फाट्यावर उभं केलं. कुणी काही विचारायच्या आत सांगितलं, "रशीदला मी बोलीवलंय. त्याला कुणी बोललं तर माझ्याशी गाठ हाय." मग वारुळासमोर हात जोडून म्हणाल्या, "नागबाबा, घर बदल. हे नासलं." आणि रशीदभाई छिन्नी लावणार तोच त्यांना थांबवलं. "थांब. दूध रस्त्यावर जायचं न्हाई. आधी शेताकडं चर काढ."

रशीदभाईंनी कुदळ घेतली आणि हातभर रुंदीची एक चर काढली, भोकापासून शेताच्या बांधापर्यंत. चहा उकळायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ लागला असेल.

मी ती चर बघत उभी राहिले. अहो, एवढंच होतं. पहिल्याच पंचमीला ही चर काढली असती, तर दूध चाकाखाली गेलं नसतं, कुणी बोळा घातला नसता, आणि वारूळ आज कोरडं उभं असतं. तुम्ही चिमणीच्या मापाचा विचार केलात. मी तोंडं वर की खाली यावर वाद घातला. दूध कुठे जाईल, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आणि ज्यांच्या डोक्यात होतं, त्यांना आपण विचारलं नाही. तुमच्याशी बोलायचं राहिलेलं हे सगळ्यात मोठं. दुसरं बरंच आहे, पण ते माझं माझ्यापाशी राहील.

भोक फुटलं तसं आतलं पाणी आलं. तांबडं, दाट, आणि असा वास की उभी असलेली माणसं पदर-रुमाल तोंडाला लावून मागे सरली. बांधावरची म्हैस चरीपर्यंत आली, हुंगलं आणि फिरली. पाणी येतच राहिलं. एवढं आत होतं यावर कुणाचा विश्वास बसेना. मामी मात्र चरीच्या काठाशी बसून राहिल्या. शेवटचा थेंब शेतात गेलेला त्यांना बघायचा होता.

आधी वरून थोडा सिमेंटचा चुरा पडला. मग आतून लाकूड पिळल्यासारखा आवाज आला. रशीदभाईंनी छिन्नी फेकली, मामींच्या दंडाला धरलं आणि ओढत रस्त्यापलीकडे नेलं. वारूळ पडताना फार मोठा आवाज झाला नाही. मोठा सुळका एका बाजूला कलला, थांबला, आणि मग सगळं एकदम खाली बसलं. मामी जिथे बसल्या होत्या तिथे सुळक्याचा तुकडा होता आणि त्यातून गंजलेल्या सळया वर आल्या होत्या, बोटानं मोडतील अशा.

मामी दंड चोळत म्हणाल्या, "मेल्या, हात उखाडला असता की माझा." मग त्यांनी त्या जागेकडे पाहिलं. बैठकीत तुम्हाला बट्टा लावू नका म्हणणारा तरुण तिथेच होता. त्याची लहान मुलगी त्याच्या कडेवर होती. मामी त्याला म्हणाल्या, "हितंच बसत्यात पोरी. ह्याच जागेला." त्यानं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

मी घरी आले. दोनदा हात धुतले. वास गेला नाही. तुमची पिशवी मी अजून रिकामी केलेली नाही, आज करेन.

आणि आता एक गोष्ट, जी मुलांनी वाचली तरी चालेल. तुम्ही सोमवारी जाणार होतात. एकटे. ते भोक तुम्ही फोडलं असतंत आणि मामींसारखेच काठाशी बसून राहिला असतात, कारण तुमच्या हातचं काम रिकामं होताना तुम्हीही शेवटपर्यंत बघितलं असतंत. आणि ओढायला रशीदभाई नसते. तुमच्यावर काय पडलं असतं, ते मी डोळ्यांनी पाहून आले आहे. तुम्ही त्याच्या आदल्या दिवशी गेलात, अंगणात, माझ्यासमोर, अंगावर ओरखडाही न उमटता. तुम्ही गेल्याचं दुःख मला कुठे ठेवायचं ते कळतं. पण असे गेलात याबद्दल आभार कुणाचे मानायचे, ते काही केल्या मला ठरवता येत नाही.